नारळ द्यावा, पण रीतीने

माणसाला नोकरीवर ठेवून घेण्यासाठी मराठीत वाक्प्रचार फारसे नाहीत. काढून टाकण्यासाठी मात्र भाषेने हात आखडलेला नाही. कुणाला अर्धचंद्र मिळतो, कुणाला डच्चू, कुणाला घरचा रस्ता दाखवला जातो. दरबारी कागदांतून आलेला ‘बडतर्फ’ हा शब्द मूळचा फारसी. बाजूला सारलेला, एवढाच त्याचा अर्थ. या सर्वांत ‘नारळ देणे’ हा प्रयोग मला अधिक विचार करण्याजोगा वाटतो. त्यात उपरोध आहे हे खरे; पण नारळ द्यायचा तर माणूस समोर उभा लागतो, त्याच्या हातात तो द्यावा लागतो आणि देताना त्याच्या तोंडाकडे पाहावे लागते. अलीकडे आपल्या संस्थांतून नारळ पुष्कळ दिले जातात. समोर उभे राहून मात्र कुणी देत नाही.

‘आपल्या संस्था’ असे मी मुद्दाम म्हणतो. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव अशा गावोगावी आपल्या वाडवडिलांनी दारोदार वर्गणी मागून वाचनालये उभारली, शाळा काढल्या, वसतिगृहे, मंगल कार्यालये, पतपेढ्या आणि देवस्थाने चालवली. त्यांच्या स्मरणिकांतून अध्यक्ष-चिटणिसांची छायाचित्रे ओळीने छापलेली असतात. ज्याने तीस वर्षे रोज सकाळी कुलूप उघडले, पुस्तके झटकली, वर्गणीसाठी सायकलवरून गल्ल्या पालथ्या घातल्या, त्याचे नाव क्वचित आढळते. हा सेवकवर्ग लहान आहे. कुठे दोघे, कुठे पाचजण, फार तर पंधरा. ग्रंथपाल, लिपिक, शिपाई, स्वयंपाकी, पुजारी, रखवालदार. त्यांची संघटना नसते आणि त्यांच्या बाजूने बोलणारे कुणी कार्यकारिणीत नसते. अशा माणसाला काढायचे ठरले की “उद्यापासून येऊ नका” एवढ्या तीन शब्दांत सारा कारभार उरकतो. तेही पुष्कळदा दूरध्वनीवरून, नाही तर तिसऱ्याच माणसाच्या तोंडून. काही ठिकाणी एवढेही सांगत नाहीत. सकाळी सेवक येतो तेव्हा कुलूप बदललेले असते आणि हजेरीपटातून त्याचे नाव गेलेले असते.

माझे म्हणणे थोडक्यात असे. ज्याला काढायचे त्याला जरूर काढावे. परंतु त्याने काय केले ते लेखी सांगून, त्याचे म्हणणे ऐकून, कारणे नोंदवून आणि त्याचे देणे चुकते करून काढावे. ही सेवकावरची मेहरबानी नव्हे. आपण म्हणतो ते खरे आहे की नाही, हे तपासून पाहण्याचा संस्थेपाशी असलेला हा एकमेव मार्ग आहे. तो सोडला की संस्था सेवकाला तर गमावतेच. शिवाय खरे काय होते हे कळण्याची संधीही गमावते.

हे लिहिणारा मनुष्य सेवकांचा कैवारी म्हणून प्रसिद्ध नाही. मध्य प्रदेश शासनाच्या सेवेत मी जवळजवळ तीन तपे काढली. त्या काळात चौकशी अधिकारी म्हणून बसलो आणि शासनाची बाजू मांडणारा सादरकर्ता अधिकारी म्हणूनही उभा राहिलो. माझ्या अहवालांवरून काही जणांच्या नोकऱ्या गेल्या, आणि त्याचा मला खेद नाही. त्या जायलाच हव्या होत्या. म्हणूनच ‘रीत पाळली तर कुणालाच काढता येत नाही’ हे पालुपद ऐकले की मला राग येतो. त्याविषयी पुढे लिहीन. तत्पूर्वी एक उदाहरण देतो. संस्थेचे नाव सांगण्याचे कारण नाही. प्रत्येक वाचकाला आपल्या गावातील एखादे नाव आठवेलच.

एका जुन्या संस्थेत बावीस वर्षे काम केलेला वसुली कारकून होता. वार्षिक हिशेब करताना वर्गणीच्या दोन पावतीपुस्तकांचा मेळ लागेना. कार्यकारिणीची तातडीची बैठक झाली. ज्याच्याविषयी बैठक होती तो बाहेरच्या खोलीत बसला होता. आत पाण्याचे पेले त्यानेच नेऊन ठेवले होते. दीड तास चर्चा झाली, पण “तुम्हाला काही सांगायचे आहे का?” हे विचारण्यासाठी त्याला कुणी आत बोलावले नाही. बैठक उठल्यावर कपाटाच्या किल्ल्या मागून घेण्यात आल्या. दुसऱ्या दिवशी गावभर झाले की तो पैसे खाऊन गेला. आता, त्याने पैसे खाल्ले होते का? मला ठाऊक नाही. उत्सवाच्या दिवसांत ती पावतीपुस्तके कार्यकारिणीचे दोन-तीन सदस्यही आपापल्या पेठेत नेत असत, हे सर्वांना माहीत होते. कोणते पुस्तक कोणत्या तारखेस कुणाच्या हाती होते, हे पाहण्यास एक दुपार पुरली असती. ती दुपार कुणी खर्च केली नाही. त्यामुळे आज त्या संस्थेतही कुणाला सत्य ठाऊक नाही. तो चोर असेल तर चोर केवळ नोकरी गमावून सुटला, संस्थेचे पैसे बुडाले. तो चोर नसेल तर खरा चोर कदाचित अद्याप कार्यकारिणीच्या सतरंजीवर बसतो आहे. पन्नाशी ओलांडलेल्या त्या गृहस्थाला नंतर गावात कुणी काम दिले नाही. एकदा कानफाट्या नाव पडले की पडले.

असे प्रकार झाले की त्यांच्या समर्थनार्थ जी कारणे पुढे केली जातात ती ठरलेली आहेत. त्यांचा एकेक करून समाचार घेणे आवश्यक आहे.

पहिले कारण : “ही काय सरकारी कचेरी आहे?” मान्य. राज्यघटनेच्या ३११व्या अनुच्छेदाने दिलेले संरक्षण शासकीय सेवकांपुरते आहे. ज्याने नेमणूक केली त्याच्या हाताखालच्या अधिकाऱ्याने बडतर्फ करू नये, आणि आरोप सांगून, बाजू मांडण्याची वाजवी संधी देऊन चौकशी केल्याविना काढू नये, हे त्या अनुच्छेदाचे सार. आमच्याकडे त्याचा तपशील १९६६च्या मध्य प्रदेश नागरी सेवा नियमांतील १४व्या नियमात आहे. खासगी वाचनालयाला यातील काहीही लागू नाही. एवढेच नव्हे, २१ नोव्हेंबर २०२५पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने ‘उद्योग’ या संज्ञेतून धर्मादाय, सामाजिक व परोपकारी कार्य करणाऱ्या संस्थांना वगळले आहे. तेव्हा आपल्या कित्येक संस्थांचे चिटणीस निश्चिंतपणे म्हणू शकतील की कायद्याचा हात आमच्यापर्यंत पोहोचत नाही. मला या निश्चिंतीचीच लाज वाटते. कायद्याने ज्या संस्थांना परोपकारी म्हणून मोकळे सोडले, त्यांनी त्या मोकळीकीचा उपयोग शिपायाचे म्हणणे न ऐकण्यासाठी करावा, यात परोपकार कोणता? साखर कारखान्यातील कामगाराला जे विचारले जाते ते सरस्वतीच्या मंदिरातील सेवकाला विचारले जाऊ नये, हे कोणत्या संस्कृतीचे लक्षण? दुसऱ्या बाजूचे ऐकावे, आणि तक्रार करणाऱ्याने स्वतःच निवाडा करू नये, ही दोन तत्त्वे कोणत्याही नियमपुस्तकाच्या आधीची आहेत. दोन भावंडांचे भांडण मिटवणाऱ्या आजीलाही ती ठाऊक असतात.

दुसरे कारण अधिक गोड आहे : “अहो, तो घरातल्यासारखा होता. त्याच्याशी कागदी घोडे काय नाचवायचे?” हे घरातल्यासारखेपण केव्हा आठवते ते नीट पाहावे. पगार वाढवून मागितला की तो घरातला असतो. गणेशोत्सवात रात्री दोनपर्यंत थांबवायचे असले की घरातला असतो. भविष्य निर्वाह निधीचा विषय निघाला की घरातला असतो. किल्ल्या मागून घ्यायची वेळ आली की मात्र तो एकदम नोकर होतो. घरातल्या माणसावर संशय आला तर आपण त्याला समोर बसवून विचारतो, दोन रात्री झोप लागत नाही, चारदा खात्री करून घेतो. घरातला म्हणायचे आणि विचारायचेही नाही, हा दोन्हीकडून फायदा घेण्याचा प्रकार आहे. ज्याला नेमणूकपत्रच दिलेले नाही त्याला काढण्यासाठी पत्र कशाला, असाही युक्तिवाद मी ऐकला आहे. आधीच्या गैरव्यवस्थेने पुढच्या गैरव्यवस्थेला परवानगी देण्याचा हा प्रकार.

तिसरे कारण : “त्याच्याच अब्रूसाठी आम्ही लेखी काही दिले नाही. उलट राजीनामा लिहून घेतला, म्हणजे डाग नको.” या दयाळूपणात सेवकाचे हित किती आणि आपली सोय किती? लेखी आरोपाला मर्यादा असते. ‘अमुक तारखेस अमुक पावतीचे पाचशे रुपये जमा केले नाहीत’ एवढाच तो आरोप. त्याला उत्तर देता येते, तो खोटा ठरवता येतो, आणि खरा ठरला तरी तो पाचशे रुपयांचाच राहतो. कुजबुजीला मर्यादा नसते. ती पाचशेची पाच हजार होते, पुढे त्यात दारू येते, बाई येते, आणि शेवटी मुलीच्या लग्नाच्या बोलणीत ती आडवी येते. जो राजीनामा समोरच्याने तोंडी सांगितलेल्या मजकुरावरून, त्याच्याच कागदावर, त्याच्याच लेखणीने लिहिला जातो त्याला राजीनामा म्हणणे ही शब्दाची विटंबना आहे. आरोप खरा असेल तर राजीनाम्याआड तो लपवण्याचा अधिकार चिटणिसांना कुणी दिला? पैसे सभासदांचे होते. आरोप खोटा असेल तर राजीनामा मागण्याचा अधिकार कुणी दिला?

आता चौथे कारण, ज्याचा उल्लेख मी वर केला. “रीत पाळू लागलो तर कुणालाच काढता येत नाही. सरकारात बघा ना!” हे सरकारात बघितलेला मनुष्य म्हणून सांगतो की हे असत्य आहे, आणि ते पसरवण्यात आमच्याच अधिकारी बांधवांचा हात मोठा आहे. न्यायालयात बडतर्फी टिकली नाही की “तांत्रिक कारणावरून सुटला” असे सांगून साहेब मोकळे होतात. ते तांत्रिक कारण बहुतेक वेळा साहेबांचा आळस असतो किंवा त्यांचा आकस.

मध्य प्रदेशाचीच दोन प्रकरणे पाहा; दोन्ही सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेली आहेत. एका वनक्षेत्रपालाला निलंबित केले. तो राहत होता रीव्याला आणि चौकशी ठेवली जगदलपूरला, सुमारे ५०० किलोमीटर दूर. निलंबनकाळातील निर्वाह भत्ता त्याला वेळेवर दिला नाही. त्याने कळवले की प्रवासाला पैसे नाहीत, मी येऊ शकत नाही. चौकशी त्याच्या गैरहजेरीत उरकून त्याला बडतर्फ केले. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती बडतर्फी रद्द केली. यात तांत्रिक काय आहे? ज्याचा पगार तुम्ही थांबवलात त्यालाच ‘ये आणि बाजू मांड’ म्हणून पाचशे किलोमीटर बोलावणे ही संधी देणे नव्हे. दुसरे प्रकरण १९९०चे. १९७५ ते १९७७मधील कथित गैरव्यवहारांबद्दल दोषारोपपत्र दिले १९८७ साली. मधली वर्षे खाते काय करत होते, याचे समाधानकारक उत्तर शासनापाशी नव्हते. कारवाई रद्द झाली ती कायम राहिली. बारा वर्षांनी साक्षीदार कुठे शोधायचे, कागद कुठे शोधायचे? येथे अपराध्याला कायद्याने वाचवले असे म्हणणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देणे होय. वाचवले असेल तर ते झोपलेल्या खात्याने.

महाराष्ट्रातही काही वेगळे घडत नव्हते. फौजदारी न्यायालयात शिक्षा झालेल्या पण अपील प्रलंबित असलेल्या निलंबित सेवकाला दरमहा निर्वाह भत्ता किती द्यावा? तेथील तत्कालीन नियम सांगत होता, एक रुपया. १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द ठरवला. ज्यांनी हा एक रुपया लिहिला ते क्रूर होते असे मला वाटत नाही. टेबलाच्या पलीकडे माणूस आहे याचा त्यांना विसर पडला होता, इतकेच.

उलट, खाते जागे असेल तर कायदा त्याच्या हाताला हात देतो. हरियाणाच्या एका बसवाहकाचे १९७७चे प्रकरण प्रसिद्ध आहे. भरारी पथकाने गाडी तपासली. भाडे घेऊन तिकिटे न दिलेले प्रवासी सापडले. त्या प्रवाशांना साक्षीसाठी आणलेच नाही, म्हणून चौकशी चुकीची, असा बचाव होता. सर्वोच्च न्यायालयाने तो मानला नाही. खात्याअंतर्गत चौकशीत पुराव्याच्या कायद्याचे काटेकोर नियम लागत नाहीत, निष्कर्षाला आधार देणारा काही विश्वसनीय पुरावा असला की पुरे, असे ठरले. फौजदारी खटल्यात संशयाला जागा उरता कामा नये; येथे मात्र अधिक संभाव्य काय, एवढे पाहिले जाते. ज्याला न्यायालयात शिक्षा झाली आहे, किंवा जेथे चौकशी करणेच व्यवहार्य नाही, तेथे ३११व्या अनुच्छेदातच चौकशीला अपवाद आहेत, आणि १९८५ साली ते घटनापीठाने वैध ठरवले. शिक्षेबद्दल दुसऱ्यांदा म्हणणे ऐकण्याची अटही १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने काढून टाकली. इतक्या सवलती असूनही ज्याला एक लबाड सेवक रीतीने काढता येत नाही, त्याने दोष रीतीला देऊ नये.

मग न्यायालये हट्ट धरतात तो कशाचा? फार थोड्या गोष्टींचा. कारण न देता केवळ महिन्याच्या नोटिशीवर कायम सेवकाला काढता येईल, असे कलम दिल्लीच्या सार्वजनिक परिवहन सेवेत होते. १९९० साली ते घटनाबाह्य ठरले. हैदराबादच्या वाचकांना इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाचे नाव परिचित आहे. त्या कंपनीच्या १९९३च्या प्रकरणात ठरले की चौकशी अधिकाऱ्याचा अहवाल शिक्षा देण्यापूर्वी सेवकाच्या हाती पडला पाहिजे. ज्या कागदावरून माझी भाकरी जाणार तो कागद मला दाखवा, यात अवाजवी काय आहे? २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने आणखी दोन गोष्टी सांगितल्या. दोषारोपपत्र न देता तीन महिन्यांपलीकडे निलंबन लांबवू नये, आणि चौकशी शक्यतो सहा महिन्यांत, फार तर वर्षात संपवावी. म्हणजे दिरंगाई हवी आहे ती न्यायालयांना नव्हे.

येथे कुणी म्हणेल, पण शेवट योग्य झाला तर रीतीचे एवढे काय? अपात्र माणूस गेला ना? या प्रश्नाचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे, आणि ते बडोदे-ग्वाल्हेरच्या जुन्या घराण्यांना तरी सांगावे लागू नये. १८७४च्या नोव्हेंबरात बडोद्याचे रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या सरबतात विष आढळले आणि संशय मल्हारराव गायकवाडांवर आला. १८७५ साली सहाजणांचे आयोग बसले : तिघे इंग्रज, आणि ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज व सर दिनकरराव राजवाडे असे तिघे भारतीय. महाराजांना विलायतेहून वकील आणू दिला गेला, उघड साक्षी झाल्या. निकाल तीन विरुद्ध तीन असा दुभंगला; विषप्रयोगाचा आरोप सिद्ध झाला असे भारतीय सदस्यांना वाटले नाही. मग हिंदुस्थान सरकारने काय केले? विषप्रयोगाचा आरोप बाजूला ठेवला आणि गैरवर्तन व गैरकारभार या कारणावरून त्याच एप्रिलात महाराजांना गादीवरून दूर केले. चौकशी एका आरोपाची, शिक्षा दुसऱ्या कारणासाठी!

मल्हारराव आदर्श राजे होते असे कुणी म्हणणार नाही. त्यांच्या जागी सयाजीराव आले आणि बडोद्याचे भाग्य उजळले, हे तर आपण सर्वजण अभिमानाने सांगतो. एखाद्या पदच्युतीचा परिणाम याहून चांगला काय असू शकतो? तरीही दीडशे वर्षांनंतर बडोद्यात हा विषय निघाला की “पण विष त्यांनी घातले होते का?” हा प्रश्न विचारला जातोच. गैरकारभारासाठी काढायचे होते तर त्याच आरोपावर निवाडा करून काढायचे होते. परिणाम उत्तम निघाला म्हणून रीतीतील खोट भरून निघत नाही; ती संशयाच्या रूपाने मागे राहते. राजाच्या बाबतीत जर असे, तर ज्याच्यासाठी विलायतेहून वकील येणार नाही त्या वसुली कारकुनाच्या बाबतीत काय?

टीका करून थांबणे मला मान्य नाही. आपल्या संस्थांना परवडेल अशी रीत कोणती, तेही सांगितले पाहिजे. शासनाचे नियमपुस्तक डोक्यावर घेण्याची गरज नाही. एका पानावर मावेल एवढे पुरे. आरोप लेखी द्यावा : तारीख, स्थळ, कृत्य, आणि तो ज्या कागदांवर व ज्या माणसांच्या सांगण्यावर उभा आहे त्यांची यादी. ‘वर्तणूक समाधानकारक नाही’ हा आरोप नव्हे. ती नाराजी आहे. उत्तरासाठी पंधरा दिवस द्यावेत आणि कागद पाहू द्यावेत. त्या काळात त्याला कामापासून दूर ठेवायचे असेल तर ठेवावे, पण अर्धा पगार चालू ठेवावा. औद्योगिक संबंध संहिता पहिल्या ९० दिवसांसाठी निम्मा आणि पुढे पाऊण पगार सांगते, व चौकशी सामान्यतः त्या ९० दिवसांतच संपवा म्हणते. आपल्याला ती लागू नसली तरी तिचा आदर्श घ्यायला हरकत नाही.

चौकशी ज्याने तक्रार केली त्याने करू नये, आणि ज्यांना अंतिम निर्णय घ्यायचा आहे त्यांनीही करू नये. महाराष्ट्रातील खासगी शाळांसाठी १९८१चे नियम आहेत. त्यांत तिघांची समिती असते. एक व्यवस्थापनाचा, एक सेवकाने स्वतः निवडलेला, आणि एक पुरस्कारप्राप्त शिक्षक. किती शहाणपणाची योजना! आपल्या गावांतून निवृत्त न्यायाधीश, मुख्याध्यापक, लेखापरीक्षक यांची वाण नाही. भगिनी संस्थेतून एकाला बोलावले तर तो चहाच्या कपावर हे काम करील. अहवालाची प्रत सेवकाला द्यावी आणि मगच निर्णय करावा. निर्णयात कारणे असावीत, आणि शिक्षा अपराधाच्या मापाची असावी. शासकीय नियमांत ठपक्यापासून वेतनवाढ रोखण्यापर्यंत आणि पुढे पदावनतीपर्यंत पायऱ्या आहेत. ‘सेवेतून काढणे’ आणि ‘बडतर्फ करणे’ यांतही भेद आहे, कारण बडतर्फ झालेल्याला पुन्हा सरकारी नोकरीचे दार सामान्यतः बंद होते. आपल्या संस्थांत मात्र दोनच अवस्था : दुर्लक्ष, नाही तर हकालपट्टी. दहा वर्षे उशिरा येणाऱ्याला कुणी एक ओळ लिहून देत नाही, आणि अकराव्या वर्षी एके दिवशी अंगावर धावून जातात.

शेवटी देणे. दोषी सेवकाचाही केलेल्या कामाचा पगार त्याचाच असतो. वेतन संहितेनुसार नोकरी संपल्यापासून दोन कामकाजी दिवसांत तो द्यायचा असतो. दहा किंवा अधिक सेवक असलेल्या आस्थापनेत पाच वर्षे झालेल्याला दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराच्या हिशेबाने उपदान मिळते. तेही बक्षीस नव्हे, आणि कायद्याने सांगितलेल्या मोजक्या कारणांवाचून अडवता येत नाही. “हिशेब झाल्यावर बघू” म्हणून सहा-सहा महिने खेटे घालायला लावणे ही चौकशीविना दिलेली दुसरी शिक्षा आहे. आणि देणे चुकते झाल्यावर गप्प बसावे. लग्नकार्यात पंगतीला बसून त्याच्या चोरीच्या कथा सांगण्याचा अधिकार निर्णयपत्राने कुणाला मिळत नाही.

या साऱ्याला किती काळ लागेल? दोन महिने, अडीच महिने. खर्च किती? काही कागद आणि चार माणसांच्या चार संध्याकाळी. आपल्या संस्था वार्षिक स्नेहसंमेलनाच्या कार्यक्रमपत्रिकेवर याहून अधिक वेळ घालवतात. दोन महिन्यांनी जर सेवक दोषी ठरला तर संस्थेच्या हातात सभासदांना दाखवता येईल असा कागद असेल, आणि चिटणिसांना रस्त्यात त्याची नजर चुकवावी लागणार नाही. निर्दोष ठरला तर एक माणूस वाचेल, आणि हिशेबातली खरी चूक सापडण्याची शक्यता उरेल. यांपैकी कोणत्या परिणामाची आपल्याला भीती वाटते, हे कार्यकारिण्यांनी स्वतःला विचारावे.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभांत हा ठराव कुणीतरी मांडावा : ‘संस्थेच्या कोणत्याही सेवकास लेखी आरोप दिल्यावाचून, त्याचे म्हणणे ऐकल्यावाचून व निर्णयाची कारणे नोंदवल्यावाचून सेवेतून दूर केले जाणार नाही.’ ठराव एका वाक्याचा आहे. ज्यांचा त्याला विरोध असेल त्यांनी उभे राहून, कारण सांगून विरोध करावा. त्यांचे म्हणणे सभा ऐकून घेईल. सभासदाच्या बाबतीत तेवढी रीत आपण अजून पाळतो. सेवकाच्या बाबतीत ती पाळावी, एवढेच मागणे आहे.